४९ डबल्स खरे की कुंपणाचे? बेसबॉलच्या सुरुवातीच्या काळातले 'डबल'वाले

सांजवारा

गेली काही वर्षं शिकागोत राहतोय. मिशिगन अव्हेन्यूवर आज मिलेनियम पार्क आहे, तिथेच साधारण लेक फ्रंट पार्क नावाचं बेसबॉलचं मैदान होतं. एका बाजूला तलाव आणि रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला शहर, मध्ये कोंबलेलं मैदान. १८८३ साली ते नव्याने बांधलं. डावीकडचं आणि उजवीकडचं, दोन्ही कुंपणं होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो ती जागा) २०० फुटांच्याही आत होती. आजच्या मैदानांत तीनशेच्या पुढे असतात, यावरून अंदाज घ्या.

एवढ्या जवळच्या कुंपणावरून चेंडू गेला तर होम रन (एकाच फटक्यात सगळे बेस फिरून धाव) द्यायचा कसा? म्हणून त्या वर्षी नियम ठरला, कुंपणापलीकडे गेलेला चेंडू म्हणजे डबल. बॅटर दुसऱ्या बेसवर जाऊन थांबणार.

शिकागो व्हाइट स्टॉकिंग्जच्या नेड विल्यमसनने त्या हंगामात ४९ डबल्स मारले. तोपर्यंत एवढे कोणीच मारले नव्हते. पुढच्या वर्षी नियम फिरवला, तेच फटके होम रन धरायचे ठरलं, आणि याच माणसाने २७ होम रन मारले. तो विक्रम १९१९ मध्ये बेब रूथने २९ मारेपर्यंत ३५ वर्षं टिकला.

सुरुवातीच्या काळात कोणत्या हंगामात कोण डबल्समध्ये अव्वल होता, याची यादी मी वहीत हाताने लिहितोय. १८८३ च्या ओळीशी अडकलोय. माझं मत स्पष्ट आहे. हे ४९ मी मानत नाही. विल्यमसनशी माझं वैर नाही, पण ते डबल्स त्याच्या बॅटचे कमी आणि सुताराने ठोकलेल्या कुंपणाचे जास्त आहेत. तुमचं काय म्हणणं?

मंजुळा

आधी एक शंका. डबल म्हणजे नक्की काय? चेंडू मारून दुसऱ्या बेसपर्यंत पळालं की डबल, एवढंच?

सांजवारा

@मंजुळा, जवळपास तेवढंच. एका बेसपासून दुसऱ्यापर्यंत ९० फूट, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत १८० फूट. स्वतःच्या फटक्यावर तिथवर पोचलात तर डबल. पण फिल्डरच्या हातून चेंडू सुटला म्हणून पोचलात तर तो डबल धरत नाहीत. क्षेत्ररक्षक दुसऱ्याच कुणाला बाद करायला चेंडू फेकत असताना तुम्ही एक बेस पुढे सरकलात, तर तोही नाही. हे स्कोअरर ठरवतो.

गिरगावकर

अहो, हे तर आमचं टू-डी!

चाळीच्या मधल्या चौकात खेळायचो तेव्हा समोरच्या भिंतीला डायरेक्ट लागला की टू-डी, म्हणजे दोन डिक्लेअर. पळायचं नाही, दोन घ्यायचे आणि गप उभं राहायचं. तळमजल्यावरच्या आजींच्या खिडकीत गेला की थेट आउट. चौक बदलला की नियम बदलायचा. शेजारच्या चाळीत तीच भिंत वन-डी होती.

माझ्या थोरल्या भावाचे सगळे रन टू-डीचे असायचे. म्हणून कुणी त्याला बॅट्समन मानायचं नाही असं कधी झालं नाही. भिंतीला डायरेक्ट मारायलाही हात लागतो. विल्यमसनला माझं मत.

चौकोनी_चेंडू

सांजवारा, तुमच्याशी सपशेल असहमत.

त्या मैदानावर एकटा विल्यमसन खेळत नव्हता. शिकागोचा अख्खा संघ खेळत होता, पाहुणे संघही खेळत होते. सगळ्यांना एकच कुंपण, एकच नियम. तरी ४९ एकाच्याच नावावर. कॅप अ‍ॅन्सनसारखा फलंदाज त्याच संघात होता. त्याने का नाही मारले ४९?

नियमाच्या आत मिळवलेला आकडा तुम्ही 'मानत नाही' म्हणालात, तर मग कुठलाच आकडा मानता येणार नाही.

आकडेवेडा

धागा वाचून राहवलं नाही. जरा मागून सुरुवात करतो, कारण १८८३ एकटं उचलून चालणार नाही.

पहिली व्यावसायिक लीग १८७१ ची, नॅशनल असोसिएशन. तिचा पहिला सामना ४ मे १८७१ ला इंडियानातल्या फोर्ट वेनमध्ये झाला, किकिओंगा विरुद्ध क्लीव्हलंडचा फॉरेस्ट सिटी. पहिला बॅटर डीकन व्हाइट. त्याने मारला तो डबल. म्हणजे लीग बेसबॉलच्या इतिहासातला पहिलावहिला हिट हाच मुळी डबल आहे! पुढच्याच बॅटरचा चेंडू हवेत उडाला, सेकंड बेसमनने झेलला आणि बेस सोडून पुढे आलेला व्हाइटही बाद झाला. सामना किकिओंगाने २-० असा जिंकला. हा व्हाइट १९३९ मध्ये वारला आणि हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आलं २०१३ साली.

त्या पहिल्या हंगामात डबल्समध्ये अव्वल होता तो अ‍ॅन्सनच, रॉकफर्डकडून खेळताना. डबल्स किती? ११. हंगामच पंचवीसेक सामन्यांचा. आता या ११ ला आणि विल्यमसनच्या ४९ ला एका रांगेत उभं करायचं का? १८८३ मध्ये नॅशनल लीगचे संघ ९८ सामने खेळत होते.

त्यामुळे सांजवारांची वही मला आवडली, पण नुसता आकडा लिहू नका. शेजारी सामने लिहा.

रानमोगरा

आकडेवेडा, पहिला हिट डबल होता हे वाचून अंगावर काटा आला. मस्त.

पेठेतला_पोपट

रॉस बार्न्सचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही?

१८७२ आणि १८७३, दोन्ही वर्षं नॅशनल असोसिएशनमध्ये डबल्सचा राजा. १८७३ मध्ये ३१, बॉस्टन रेड स्टॉकिंग्जकडून. त्याची खासियत होती 'फेअर-फाउल' फटका. त्या वेळी नियम असा होता की चेंडू पहिला टप्पा रेषेच्या आत पडला की फेअर, मग तो फिरत बाहेर कुठेही जावो. बार्न्स चेंडूवर बॅट अशी काही घासायचा की चेंडू प्लेटसमोर आत टप्पा खाऊन गर्रकन रेषेबाहेर पळायचा. तिथे फिल्डरच नाही! फिल्डर धावत जाऊन आणेपर्यंत हा बेसवर. आपल्याकडे लेट कट खेळणाऱ्याला जे कसब लागतं, तेच.

१८७६ ला नॅशनल लीग सुरू झाली. त्या पहिल्या हंगामात बार्न्स शिकागोकडून खेळला, सरासरी .४२९ (म्हणजे हजार संधींत ४२९ हिट). डबल्स २१. डिक हायम आणि पॉल हाइन्स यांचेही तेवढेच, तिघं बरोबरीत. आणि १८७७ साली तो फटकाच नियमाने बाद केला. चेंडू पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या पुढे जाईपर्यंत आत राहिला पाहिजे, तरच फेअर. बार्न्स पुन्हा तसा खेळूच शकला नाही.

आता सांगा, बार्न्सचे डबल्स नियमाचे की बार्न्सचे?

चौकोनी_चेंडू

+१ पोपटराव. हेच म्हणत होतो.

आकडेवेडा

पोपटराव, एक दुरुस्ती. बार्न्सची घसरण सगळीच नियमामुळे नाही. १८७७ मध्ये तो तापाने आजारी पडला, हंगामातले बरेच सामने खेळलाच नाही. संघाने पगार कापला म्हणून कोर्टातही गेला. नियम बदलल्याचं वर्ष आणि आजारपणाचं वर्ष एकच असल्याने लोक सोयीचं कारण धरतात.

आणि तो डिक हायम! पुढे अंपायर झाला. १८८२ मध्ये जुगाऱ्यांशी संगनमत केल्यावरून त्याला लीगमधून काढलं. डबल्समध्ये अव्वल आलेला माणूस बेइमानीमुळे हाकलला गेलेला अंपायर म्हणून लक्षात राहावा, याचं वाईट वाटतं.

मंजुळा

हायमची गोष्ट नवा धागा काढून लिहा प्लीज. इथे हरवून जाईल.

खडूफळा

मी शाळेत सॉफ्टबॉल शिकवते. मुलींना बेसबॉलचा इतिहास सांगायला हा धागा फार कामाचा आहे.

माझा अनुभव सांगते. सिंगल मारायला डोळा लागतो, होम रनला ताकद. डबलला या दोन्ही लागतात आणि वर पाय लागतात. पहिल्या बेसवरून वळतानाच ठरवावं लागतं, जायचं की थांबायचं. आमच्या मैदानाच्या एका बाजूला विहिरीचा कठडा आहे. तिकडे गेलेल्या चेंडूला आम्ही दोनच बेस देतो, कारण मुलींनी चेंडूमागे कठड्याकडे धावू नये. म्हणजे आमचाही ग्राउंड रूल (त्या मैदानापुरता नियम) आहेच, पण तो काळजीपोटी.

एक मुलगी होती, अंगाने लहानखुरी. तिचे बहुतेक डबल्स कठड्याकडचेच. दुसऱ्या शाळेच्या मोकळ्या मैदानावर गेलो तेव्हा तिला पहिल्यांदाच तिसऱ्या बेसपर्यंत पळायला मिळालं. परतीच्या एसटीत ती अख्ख्या वाटेत त्याच ट्रिपलबद्दल बोलत होती. तेव्हा लक्षात आलं, कठड्याने तिला डबल दिला होता की तिचा ट्रिपल हिरावला होता, हे नुसत्या स्कोअरबुकावरून कळणारच नव्हतं.

सांजवारा

@खडूफळा, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कुंपणाने विल्यमसनला दिलं एवढंच मी पाहत होतो, घेतलंही असेल हे नाही. विचार करतो.

@चौकोनी_चेंडू, तुमच्या मुद्द्यावर एक उलटतपासणी. त्याच १८८३ मध्ये बफेलोच्या डॅन ब्रुथर्सने ४१ डबल्स मारले. ते लेक फ्रंट पार्कचा आधार न घेता, हंगामातले मोजके पाहुणे सामने सोडले तर. शिवाय १७ ट्रिपल्स. मला विचाराल तर त्या हंगामाचा खरा डबल्सवाला ब्रुथर्स.

टोरोंटोवासी

आमच्या ओंटारिओच्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ देणार नाही. टिप ओ'नील! १८८७, सेंट लुईस ब्राउन्स, अमेरिकन असोसिएशन. ५२ डबल्स. विल्यमसनचा ४९ मोडला तो यानेच. त्याच हंगामात ट्रिपल्स १९ आणि होम रन १४, दोन्हींतही अव्वल. एकाच हंगामात डबल, ट्रिपल, होम रन तिन्हींत लीगमध्ये पहिला आलेला दुसरा खेळाडू नाही. इथे कॅनडात उत्तम बेसबॉलपटूला दरवर्षी त्याच्याच नावाचा पुरस्कार देतात.

चौकोनी_चेंडू

टोरोंटोवासी, आदर आहेच. पण १८८७ चे नियम पाहा. त्या वर्षी बॅटरला बाद व्हायला तीन नव्हे, चार स्ट्राइक (हुकलेले किंवा सोडून दिलेले नीट चेंडू) लागत. वॉक (पिचरने वाईट चेंडू टाकले म्हणून फुकट मिळालेला पहिला बेस) सुद्धा हिट म्हणून मोजत, त्यामुळे त्याची सरासरी तेव्हा .४९२ छापली गेली. आज .४३५ धरतात. सांजवारांच्या न्यायाने चौथ्या स्ट्राइकवर मारलेले डबल्स वगळावे लागतील. कोण वगळणार आणि कसे?

टोरोंटोवासी

वॉकने डबल होत नाही हो. चौथा स्ट्राइक मान्य. पण तो सगळ्यांनाच होता, ट्रिपल्समध्येही आणि होम रनमध्येही.

गिरगावकर

आमच्याकडे सगळ्यात लहान भिडूला चौथा स्ट्राइक असायचा. त्याला आम्ही 'कच्चा लिंबू' म्हणायचो. १८८७ साली अख्खी लीगच कच्चा लिंबू झाली म्हणायची! 😄

(टोरोंटोवासी, रागावू नका. ओ'नीलचा पराक्रम मनापासून मान्य.)

बॉस्टनवाली

थोडं पुढे नेते.

१८९३ मध्ये पिचरची (चेंडू टाकणाऱ्याची) जागा मागे सरकवून ६० फूट ६ इंचांवर नेली. ती आजतागायत तिथेच आहे. चेंडू बघायला वेळ मिळाल्यावर बॅटर मोकळे सुटले. १८९४ ला आमच्या बॉस्टनच्या ह्यू डफीने .४४० सरासरी आणि ५१ डबल्स केले. मग १८९९ मध्ये फिलाडेल्फियाच्या एड डेलाहँटीने ५५. ओ'नीलचा ५२ इथे मोडला.

डेलाहँटीबद्दल वाचताना मला दरवेळी गलबलतं. पाच वेगवेगळ्या हंगामांत तो डबल्समध्ये अव्वल किंवा बरोबरीत अव्वल होता. १९०२ ला वॉशिंग्टनकडून, अमेरिकन लीगमध्येही. म्हणजे दोन लीगमध्ये. आणि जुलै १९०३ मध्ये दारूच्या नशेत ट्रेनमध्ये गोंधळ घातला म्हणून त्याला नायगाराजवळ रात्री खाली उतरवलं. तो रेल्वेच्या पुलावरून अंधारात चालत निघाला आणि नदीत पडला. प्रेत धबधब्याखाली सापडलं. वय ३५.

नायगारा आम्ही दोनदा पाहिला. दुसऱ्या वेळी हे माहीत होतं. मुलं खाली बोटीकडे पळाली, मी थोडा वेळ वरच थांबले.

रानमोगरा

बाप रे. हे माहीत नव्हतं.

पेठेतला_पोपट

डेलाहँटीनंतर दोन नावं, वॅग्नर आणि लाजवे. होनस वॅग्नर पिट्सबर्गचा, नॅशनल लीगमध्ये सात हंगाम डबल्सला पहिला, १९०० मध्ये ४५. लाजवे अमेरिकन लीगमध्ये, १९०१ ला ४८, १९१० ला ५१. लाजवेच्या नावावरून क्लीव्हलंडच्या संघाला लोक 'नॅप्स' म्हणायचे. संघालाच खेळाडूचं नाव! असं प्रेम हल्ली कुठे दिसतं?

हा 'मेलेल्या चेंडू'चा काळ. एकच चेंडू सामनाभर वापरायचे. मळून काळा, मऊ, लांब जायचाच नाही. होम रन दुर्मीळ, म्हणून डबल हेच मोठं हत्यार. वॅग्नरचे ३८ किंवा ३९ म्हणजे आजचे किती धरायचे, मोजायला माप नाही.

चौकोनी_चेंडू

आणि लाजवेच्या १९०१ ला फाउल गेलेला चेंडू अमेरिकन लीगमध्ये स्ट्राइक धरत नव्हते. नॅशनल लीगने त्याच वर्षी धरायला सुरुवात केली, अमेरिकनने १९०३ मध्ये. एकाच वर्षी दोन लीगमध्ये दोन नियम. आहे का कोणी 'खरा' आकडा दाखवणारा?

खडूफळा

गर्दीचा मुद्दा राहिला. मोठ्या सामन्याला तिकिटं जास्त विकली की लोक आउटफिल्डमध्येच (मैदानाच्या मागच्या भागात) दोर लावून उभे करत. चेंडू त्या गर्दीत गेला की किती बेस द्यायचे ते दोन्ही संघ आधी ठरवत. १९०३ च्या पहिल्या वर्ल्ड सिरीजमध्ये ट्रिपल ठरवला होता. म्हणजे कुंपण हलतंसुद्धा! आणि ते टाळ्या वाजवतं.

आकडेवेडा

'कुंपण टाळ्या वाजवतं', वा!

आता मी ज्याची वाट पाहत होतो तो माणूस. ट्रिस स्पीकर. कारकिर्दीत ७९२ डबल्स, आजही सर्वाधिक. पीट रोझ ७४६ वर थांबला. स्पीकर आठ हंगाम लीगमध्ये अव्वल होता: १९१२ (५३), १९१४ (४६), १९१६ (४१, क्लीव्हलंडच्याच जॅक ग्रेनीबरोबर), १९१८ (३३), आणि मग १९२० ते १९२३ सलग चार, ५०, ५२, ४८, ५९. हा ५९ म्हणजे डेलाहँटीचा ५५ मोडणारा आकडा. २४ वर्षं टिकला होता तो.

स्पीकर टेक्सासचा. लहानपणी घोड्यावरून पडून उजवा हात मोडला म्हणून डाव्याने फेकायला शिकला. सेंटर फिल्डला तो इतका पुढे उभा राहायचा की जवळजवळ दुसऱ्या बेसच्या पाठीला. इतरांचे सिंगल तिथेच अडवायचा आणि डोक्यावरून गेला तर मागे वळून धावत झेलायचा.

माझ्यासाठी महत्त्वाचं हे की बॉस्टनमध्ये खेळला तेव्हाही अव्वल, क्लीव्हलंडला गेला तेव्हाही अव्वल. मळक्या चेंडूच्या काळात अव्वल आणि १९२० नंतर पांढरे स्वच्छ चेंडू आले तेव्हाही अव्वल. मैदान बदललं, चेंडू बदलला, माणूस तिथेच. सांजवारा, तुम्ही कुंपण वजा करून 'खरा' शोधताय. वजाबाकी नका करू. कोण पुन्हा पुन्हा येतो ते बघा.

मंजुळा

मग ५९ हाच विक्रम आज आहे का?

बॉस्टनवाली

नाही. १९२६ ला क्लीव्हलंडच्या जॉर्ज बर्न्सने ६४. (त्या काळात जॉर्ज बर्न्स नावाचे दोन खेळाडू होते. हा फर्स्ट बेसवाला.) आणि १९३१ ला आमच्या रेड सॉक्सच्या अर्ल वेबने ६७. तो आजही उभा आहे. २०२३ मध्ये फ्रेडी फ्रीमन ५९ वर अडला, तेही १६२ सामन्यांच्या हंगामात. वेबच्या वेळी १५४ चा हंगाम असे.

वेब टेनेसीच्या कोळसा खाणीत काम केलेला माणूस. १९३० ला त्याचे डबल्स होते ३०. एका वर्षात ६७, त्यानंतर कधीच तसं नाही. अख्ख्या कारकिर्दीत १५५. त्याच्यावर आरोप झाला की ट्रिपल होण्यासारखा फटका असला तरी विक्रमासाठी तो दुसऱ्या बेसवर थांबायचा. त्या हंगामात त्याचे ट्रिपल्स फक्त तीन, म्हणून लोकांना संशय.

मला तो आरोप पटत नाही. तो मुळात वेगवान धावणारा नव्हता. हळू माणूस दुसऱ्या बेसवर थांबला तर त्यात नवल काय?

टोरोंटोवासी

वेबच्या काळातला एक नियम-बदलही इथे हवा. चेंडू टप्पा खाऊन कुंपणावरून गेला तर आधी तो होम रन धरत. १९३० आणि १९३१ च्या सुमारास दोन्ही लीगनी तो डबल केला. आजचा 'ग्राउंड रूल डबल' तो हाच. म्हणजे १८८३ ला शिकागोत जे चाललं होतं, त्याचा चुलतभाऊ पन्नास वर्षांनी कायमचा नियम झाला.

गिरगावकर

टू-डी जिंदाबाद.

पेठेतला_पोपट

विल्यमसनवर परत येतो, कारण माणूस विसरला जातोय. १८८८-८९ मध्ये शिकागो संघाचा प्रमुख स्पाल्डिंग याने दोन संघ घेऊन जगप्रवास केला. ऑस्ट्रेलिया, मग कोलंबोत सामना, मग इजिप्तमध्ये पिरॅमिडसमोर सामना. भारतात उतरलेच नाहीत, याची मला खरोखर हळहळ वाटते. पॅरिसमध्ये खडीच्या मैदानावर बेसकडे घसरताना विल्यमसनचा गुडघा फाटला. पुन्हा पहिल्यासारखा खेळ जमला नाही. १८९४ मध्ये वारला, वय ३६. रूथने त्याचा विक्रम मोडला ते बघायला तो नव्हता.

आणि ६ सप्टेंबर १८८३ लक्षात ठेवा. डेट्रॉइटविरुद्ध शिकागोने एकाच इनिंगमध्ये, सातव्यात, १८ धावा काढल्या. त्या इनिंगमध्ये तीन-तीन हिट मारणारे तिघं, टॉम बर्न्स, फेफर आणि विल्यमसन.

आकडेवेडा

शेवटी मूळ प्रश्न. एक साधी बेरीज करून बघितली आणि थांबलो.

विल्यमसन १८८३: डबल्स ४९, होम रन २. बेरीज ५१.
विल्यमसन १८८४: डबल्स १८, होम रन २७. बेरीज ४५.

संघाचं बघा. १८८३ मध्ये सगळ्या संघाचे मिळून होम रन १३. पुढच्या वर्षी १४२. मैदान तेच, कुंपण तेच. एका वर्षी फटके एका रकान्यात पडले, दुसऱ्या वर्षी शेजारच्या रकान्यात. म्हणजे डबल्सचा ४९ आणि होम रनचा २७ हे दोन पराक्रम नाहीतच. तो एकच हात आहे, दोन वर्षं, दोन नावांनी लिहिलेला. सांजवारा, तुम्ही धाग्यात २७ होम रनबद्दल लिहिलंत तेव्हा तो 'मानत नाही' असं म्हणाला नाहीत. ४९ नाकारायचा तर २७ ही नाकारा, आणि मग रूथने मोडला तो विक्रम कोणाचा?

सांजवारा

आकडेवेडा, ही बेरीज मी करायला हवी होती. दोन्ही आकडे महिनाभर माझ्याच वहीत समोरासमोरच्या पानांवर होते.

आज कामावरून येताना मुद्दाम मिलेनियम पार्कच्या बाजूने आलो. दोनशे फूट पावलांनी मोजले. माझी पावलं साधारण ऐंशी झाली. एवढ्यात डावीकडचं कुंपण. तिथे उभा राहिलो तर जवळ वाटतं हे खरं, पण समोरून चेंडू येत असताना तो उचलून इथवर टाकायचा, हंगामात पन्नास वेळा, हेही काही थोडं नाही. माझं 'मानत नाही' मागे घेतो.

वहीत १८८३ च्या ओळीत विल्यमसन ४९ लिहिलं. खाली त्याच शाईने ब्रुथर्स ४१. उजवीकडे नवा रकाना आखला, 'मैदान आणि नियम'. १८७६ ला 'फेअर-फाउल', १८८३ ला 'कुंपण = डबल', १८८७ ला 'चार स्ट्राइक', १९०१ ला 'फाउल स्ट्राइक एकाच लीगमध्ये'. स्पीकरच्या आठ ओळींत तो रकाना जवळजवळ रिकामाच राहिला.

खडूफळा, तुमच्या त्या मुलीचा ट्रिपल मात्र मोकळ्या मैदानाचा. तो सगळ्यांत वर लिहिलाय.

खडूफळा

😊 तिला सांगते. कॉलेजात आहे आता.

चौकोनी_चेंडू

ट्रिपलचं नाव काढलंच आहे तर, १९१२, पिट्सबर्गचा चीफ विल्सन, एका हंगामात ३६ ट्रिपल्स. फोर्ब्स फील्डचं ते अवाढव्य आउटफिल्ड. कोण काढतंय धागा?

मंजुळा

आधी हायमचा!